‘कांय ना गो’ म्हणणाऱ्या भावाला काय विचारायचे?

डिचोली तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: धाकटा भाऊ ३६ वर्षांचा. अकरा वर्षे क्रूझवर गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, काम केले, पाठीच्या दुखण्यामुळे मेडिकलमध्ये अनफिट ठरला, आठ महिने घरी आहे. घराचे कर्ज चालू. रात्री तीन-तीन वाजेपर्यंत बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, बसून असतो, पिणे वाढले आहे. एकादशीच्या भजनात वाजवायचा ती स्वतःची पेटी महिन्यापूर्वी शेजारच्या मुलाला देऊन टाकली. गेल्या आठवड्यात बायकोला पासबुक आणि एलआयसीचे कागद कुठे असतात ते दाखवले. आणि गेले चार दिवस एकदम शांत आहे, जेवतोही नीट. ‘कितें जालें?’ म्हणून विचारले की ‘कांय ना गो’, काही नाही गं. हे ‘तसले’ काही आहे की मीच जास्त विचार करते? विचारायचे कसे? गावात बोभाटा न होता न्यायचे कुठे? पोलीस केस होते का? आणि आईला सांगू का?

ताई, तुम्ही जास्त विचार करत नाही. बाकीचे उत्तर सावकाश वाचा. आधी भावजयीला फोन करा आणि सांगा की आज त्याला एकटे सोडू नकोस, मी येते. कारण न देता जा. चवथीच्या माटोळीचे सामान बघायला आले म्हणा, काहीही म्हणा, पण आज जा.

घाई करायला लावतो आहे ती त्या चार दिवसांच्या शांततेमुळे. घरच्यांना नेमकी तीच सुधारणा वाटते. जगावे की जगू नये या ओढाताणीत माणूस आतून पिळून निघतो, म्हणून झोप नाही, चिडचिड, पिणे. एकदा मनाने काही ठरवले की ओढाताण थांबते. चेहरा मोकळा होतो, जेवण जाते. प्रत्येक शांतता अशीच असते असे नाही. उपचार लागू पडले की माणूस शांत होतोच. पण तुमच्या भावावर उपचार झालेले नाहीत, नोकरी परत मिळालेली नाही, कर्ज फिटलेले नाही. मग शांतता आली कुठून? पेटी आणि कागद यांच्या शेजारी ती ठेवून बघा.

मी बावीस वर्षे मनोविकार विभागात समुपदेशनाचे काम करतो. माणूस गेल्यावर त्याच्या घरचे माझ्यासमोर बसतात तेव्हा ‘आम्हाला काही कळलेच नाही’ असे फार थोडे जण म्हणतात. बहुतेकांचे वाक्य असते, ‘कळले होते, पण आम्हाला वाटले की...’ त्या ‘पण’नंतर जे येते ते ऐकत जा. तुमच्या पत्रातही ते आहे. पेटी दिली, पण आम्हाला वाटले पाठ दुखते म्हणून आता बसवत नसेल. कागद दाखवले, पण आम्हाला वाटले जबाबदारी कळायला लागली. लक्षणांच्या याद्या सगळीकडे मिळतात आणि त्या चुकीच्या नसतात; पण घरात बसलेल्या माणसाला याद्यांपेक्षा हे जास्त उपयोगी पडते: ज्या ज्या ठिकाणी तुम्हाला स्वतःची समजूत घालावी लागली, तिथे परत जाऊन बघा.

एक गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील फिरवले आहेत. फोंड्याकडचे एक गृहस्थ, पन्नाशीचे, खाणीवर दोन ट्रक चालवायचे. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मध्ये थोड्या चालल्या, २०१८ मध्ये पुन्हा बंद. ट्रक दारात गंजत आणि हप्ते डोक्यावर. एका सकाळी पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, नेहमीसारखा भोंपू वाजवला. ह्यांनी बाहेर येऊन महिनाभराचे पावाचे पैसे त्याच्या हातावर ठेवले. महिना संपायला बारा दिवस होते. बायकोला बरे वाटले, कारण माणूस हिशेबाला लागला होता. पोदेर मात्र सायकल पुढे नेऊन पुन्हा मागे वळला. ‘साहेब, पुढचे बारा दिवस पाव नको काय?’ ते काहीच बोलले नाहीत. पोदेर सायकल स्टँडवर लावून तिथेच पायरीवर बसला आणि बायको बाहेर येईपर्यंत उठला नाही. त्याच दुपारी त्यांना माझ्याकडे आणले. त्या पोदेराने कुठलेही प्रशिक्षण घेतले नव्हते. नेहमीचा हिशेब मोडला एवढेच त्याने पाहिले, आणि त्याची समजूत घालायला त्याच्याकडे घरच्यांसारखे कारण नव्हते.

बोलण्यातूनही कळते. ‘हांव आसून नासून सारकेंच’, ‘माझ्यामुळे तुम्हालाच त्रास’, ‘आता थोडे दिवस’. ‘म्हाका कंटाळो आयला’ हे तर आपल्याकडे दिवसातून चारदा कानावर येते, त्यावरून घाबरून उपयोग नाही. हा माणूस असे पूर्वी बोलायचा का, ते बघायचे. कायम कुरकुरणारा कुरकुरला तर ती त्याची तऱ्हा. कधी न बोलणारा माणूस हसत हसत ‘मी गेल्यावर ही नारळाची झाडे बापूला द्या’ म्हणाला, तर हसण्यावारी नेऊ नका. ज्याने पूर्वी एकदा प्रयत्न केला आहे त्याचा धोका सगळ्यात जास्त असतो. ‘तो नुसता घाबरवतो’ हे वाक्य मी ऐकले आहे आणि त्याच माणसाच्या बाराव्यालाही गेलो आहे.

तुमचा प्रश्न भावाचा आहे, पण हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी ती बहीण किंवा सून असेल, म्हणून थोडे विषयांतर. बायका पेटी देऊन टाकत नाहीत. त्या अंग दुखते, चक्कर येते, अशक्तपणा वाटतो, पांढरे जाते असे सांगत आरोग्य केंद्रात पुन्हा पुन्हा येतात आणि टॉनिक घेऊन परत जातात. गोव्यातच १८ ते ५० वयाच्या सुमारे अडीच हजार स्त्रियांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जीव देण्याच्या प्रयत्नाशी जोडलेल्या गोष्टी निघाल्या त्या नैराश्य-चिंता, घरातली मारहाण आणि शरीराचे आजारपण. तेव्हा माहेरी आलेली मुलगी ‘मला परत जायचे नाही’ म्हणाली, तर ‘नांदायला जा, होईल सगळे नीट’ म्हणण्याआधी तिच्याजवळ बसा.

आता विचारायचे कसे.

समोरासमोर खुर्च्या मांडून नको. पुरुष माणूस नजर भिडली की मिटतो. बाल्कांवात शेजारी शेजारी सोप्यावर बसा, किंवा कुळागरात नारळ गोळा करताना, किंवा स्कूटरवर मागे बसून. हात कामात असले आणि नजर समोर असली की जीभ सुटते. सुरुवात तुम्ही पाहिलेल्या गोष्टीने करा: ‘पेटी दिलीस. रात्री झोपत नाहीस. परवा कागद दाखवलेस. मला भीती वाटते.’ मग थांबू नका, आडवळणाने जाऊ नका. ‘इतके सगळे अंगावर आले की माणसाला जीव द्यावासा वाटतो. तुला वाटतो का?’ तुमच्या घरात कोकणी चालते, तर कोकणीत विचारा: ‘तुका जीव दिवचोसो दिसता?’ ‘आत्महत्या’ हा शब्द वर्तमानपत्राचा, त्यात ‘हत्या’ आहे, गुन्ह्याचा वास आहे. घरचा शब्द वापरा.

‘असे विचारले तर नसलेला विचार डोक्यात घुसेल’ ही भीती मला प्रत्येक घरात भेटते. तसे होत नाही. यावर बरेच संशोधन झाले आहे आणि थेट विचारल्याने धोका वाढल्याचे आढळलेले नाही. उलट बहुतेकांना सुटल्यासारखे वाटते. विचार तिथे आधीच असतो, तो एकट्याने वाहायचा नाही एवढाच फरक पडतो. मात्र ‘तसले काही वेडेवाकडे मनात नाही ना रे?’ असे विचारू नका. त्या ‘नाही ना’मध्ये उत्तर तुम्हीच देऊन टाकता, तो फक्त मान हलवतो.

तो गप्प बसला तर तुम्हीही गप्प बसा. ही शांतता फार जड जाते, शिकाऊ समुपदेशकालाही जाते. मनात शंभर मोजा. ‘हो’ म्हणाला, तर पुढचे दोन प्रश्न: कसे करायचे ते ठरवले आहे का? कधी ते ठरवले आहे का? ठरवले असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

उपदेश नको, आणि हे मी माझ्या चुकीतून सांगतो. उमेदवारीच्या काळात एका माणसाला मी म्हणालो होतो, ‘तुमच्या मुलीच्या तोंडाकडे तरी बघा.’ तो म्हणाला, ‘तिच्याकडे बघूनच तर वाटते, हिला असला बाप कशाला?’ मुलांची शपथ, देवाने दिलेला जीव, ‘तुला काय कमी आहे’ ही वाक्ये आपल्याला आधाराची वाटतात. त्या माणसाला ती आणखी एक अपराध वाटतात. त्याऐवजी ‘सांगितलेस ते बरे केलेस. आता हे आपण दोघांनी बघायचे’ एवढे पुरते. आणि ‘कोणाला सांगू नकोस’ असे वचन त्याने मागितले तर देऊ नका. ‘गावात सांगणार नाही, पण डॉक्टरला सांगणार’ असे तोंडावर सांगा. तो रागावेल. चालेल.

त्याच दिवशी घरातून काही वस्तू हलवायच्या. आईच्या साखरेच्या-प्रेशरच्या गोळ्या, जुन्या औषधांचा डबा, कुळागरात फवारायची औषधे, तणनाशक. लपवू नका, घराबाहेर काढा. नातेवाइकाकडे कुलपात ठेवा आणि किल्ली तिथेच राहू दे. ‘ज्याला करायचेच आहे तो काहीही करून करतो’ असे म्हणणारे भेटतील. ते खरे नाही. त्या टोकाचा क्षण बहुधा थोडा वेळ टिकतो, आणि त्या वेळी हाताशी काय आहे यावर पुष्कळ अवलंबून असते. श्रीलंकेने १९९५ पासून सगळ्यात विषारी कीटकनाशके एकेक करून बंद केली. पुढच्या वीस वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण दोन तृतीयांशांहून जास्त घटले. लोकांची दुःखे तर तीच होती. दारूही घरातून काढा. प्यायलेल्या माणसाचा हात विचाराच्या आधी चालतो. पण रोज पिणारा असेल तर एकदम बंद करू नका. थरथर, भास, झटके येऊ शकतात. रोज किती पितो ते डॉक्टरांना खरे सांगा.

आणि देव न करो, पण काही पोटात गेले असा संशय जरी आला, तर १०८. वरून ठीक दिसतो, बोलतो, चालतो, म्हणून सकाळची वाट बघायची नाही. मीठ-पाणी पाजून उलटी काढायची नाही. बाटली किंवा पाकीट सोबत न्या.

न्यायचे कुठे? तुमच्या भावाच्या बाबतीत मी सरळ बांबोळी सांगेन. गोमेकॉची, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजची, कॅज्युअल्टी चोवीस तास असते आणि शेजारीच मानसोपचार व मानवी वर्तन संस्था आहे, जिला सगळे आयपीएचबी म्हणतात. जुन्या लोकांना ते हॉस्पिटल पणजीच्या आल्तिनो टेकडीवर असल्याचे आठवते. ‘आल्तिनोला न्यायला पाहिजे’ हे तेव्हा भांडणातले वाक्य होते, आणि त्या वाक्याची भीती हॉस्पिटल बांबोळीला गेले तरी गेलेली नाही. (त्या जुन्या हॉस्पिटलला आबे फारियाचे नाव होते. कांदोळीचा हा पाद्री, संमोहन म्हणजे बाहेरची चुंबकीय शक्ती नव्हे तर माणसाच्या मनाचीच करणी आहे हे युरोपला सांगणारा. पणजीत त्याच्या पुतळ्यापाशी लोक फोटो काढतात, आणि त्याच विषयाचा दवाखाना म्हटला की तोंड लपवतात.) बांबोळीच्या आवारात रोज इतकी माणसे येतात की कोण कुठल्या इमारतीत शिरला ते कोणी बघत नाही. डिचोलीच्या ओळखीच्या डॉक्टरच्या बाकावर बसण्यापेक्षा तिथे जास्त आडोसा आहे. उत्तरेकडच्यांना म्हापशाचे जिल्हा हॉस्पिटल, दक्षिणेला मडगावचे. दोन्हीकडे मानसोपचाराची ओपीडी आहे.

रात्री, किंवा तो यायला तयार नसताना, किंवा तुमचेच हातपाय गळाले असताना १४४१६ लावा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. फोन त्यानेच केला पाहिजे असे नाही. ‘माझा भाऊ असा वागतो, मी काय करू’ हे विचारायलाही ती आहे. गोव्यात आत्महत्या रोखण्याच्या कामात ‘कूज’ ही संस्था १९९९ पासून आहे. ‘संगथ’ १९९६ पासून आहे, आणि तिच्या कामामुळे माझे स्वतःचे एक मत बदलले. समुपदेशन म्हणजे पदवीवाल्यांचे काम असे मी मानायचो. संगथने गावातल्याच, डॉक्टर नसलेल्या माणसांना शिकवून गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठका करायला बसवले. २०१७ मध्ये त्याचे निकाल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. त्या बैठकांनी रुग्ण खरोखर सुधारले. तेव्हा जवळच्या आरोग्य केंद्रात समुपदेशक आहे का, ते विचारायला लाजू नका.

तुमची आई देवळात प्रसाद लावायचे म्हणेल, किंवा घाड्याकडे, म्हणजे देवऋषाकडे, जाऊ म्हणेल. मी याच्याशी भांडत नाही. वर्षानुवर्षे भांडून बघितले, रुग्ण तेवढे तुटतात. प्रसाद लावा, गाऱ्हाणे घाला, दिष्ट काढा. पण बांबोळी आधी, किंवा त्याच दिवशी. फक्त कोणी गोळ्या बंद करायला सांगितल्या तर तिथून उठा.

पोलीस केसचे: २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ११५ नुसार जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे, वेगळे सिद्ध होत नाही तोवर, धरायचे आणि त्याला शिक्षा करायची नाही, उलट सरकारने त्याची काळजी घ्यायची. जुन्या दंडसंहितेचे ३०९ कलम १ जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेत आलेच नाही. एखाद्या सरकारी नोकराला भाग पाडण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा तिथे गुन्हा आहे. प्रयत्न झालेला असेल तर हॉस्पिटल पोलिसांना कळवते, हवालदार येऊन जबाब घेतो. घाबरू नका, जे घडले ते सांगा. तुमच्या भावाने तर काही केलेलेच नाही. त्याच्या बाबतीत पोलिसांचा प्रश्नच येत नाही, आणि डॉक्टरांवर गुप्ततेचे बंधन आहे.

गोळ्या सुरू झाल्या की लोक चौथ्या दिवशी विचारतात, फरक का नाही? नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. त्यात एक मेख आहे: अंगातली ताकद आधी परत येते, मनाची उभारी नंतर. सुरुवातीचे आठवडे म्हणून जपायचे. गोळ्या भावजयीच्या ताब्यात, एका वेळी आठवड्याच्याच. केमिस्टकडून मनाने झोपेच्या गोळ्या आणू नका.

एक कागदही करायचा असतो. अमेरिकेतल्या स्टॅन्ली आणि ब्राउन या दोघांनी तो नीट बांधून दिला, आम्ही इथे कॅलेंडरच्या पाठीवर लिहितो. विचार यायला लागले हे कशावरून कळते. तेव्हा एकट्याने काय करायचे. कुठे जाऊन बसायचे. कोणाला फोन करायचा, आणि त्याने उचलला नाही तर कोणाला. त्याच्या अक्षरात, त्याच्या शब्दांत. एकाने लिहिले होते, ‘तळ्याच्या पायरीवर जाऊन बसणे, पण मोबाईल घेऊन.’ एकाने ‘घुमट काढणे’, म्हणजे ते मातीचे वाद्य वाजवायला घेणे. तुमचा भाऊ कदाचित पेटी लिहील. शेजारच्या मुलाकडून ती परत मागू नका; त्याला शिकवायला भाऊ आठवड्यातून दोनदा गेला तर मला जास्त आवडेल.

हॉस्पिटलमधून घरी आल्यावरचे आठवडे सगळ्यात नाजूक, आणि तेव्हाच सगळे पांगतात, कारण ‘आता बरा आहे’. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत, आपल्याकडे चेन्नईत, प्रयत्नातून वाचलेल्या १८६७ जणांवर एक अभ्यास केला होता. अर्ध्यांना नेहमीचे उपचार मिळाले. बाकीच्यांशी त्याच्या जोडीला तासभर बोलणे झाले आणि पुढच्या दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट, ‘कसे आहात?’ म्हणून. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत शंभरातली सुमारे दोन माणसे पुढे आत्महत्येने गेली, विचारपूस झालेल्यांत हजारात दोन. तेव्हा तुमच्या मोबाईलवर नऊ तारखा आजच टाकून ठेवा.

राहिली आई. सांगा. तिला माहीत आहे. रात्री तीन वाजता बाल्कांवात बसलेला मुलगा दिसला नाही अशी आई मी पाहिलेली नाही. ‘तो आजारी आहे, बांबोळीला नेते’ एवढेच सांगा, तपशील नको. ती रडेल, तिला त्याच्यासमोर रडू नको म्हणू नका. ओपीडीत तिला आणायची गरज नाही, तिथे चार तास मोडतात. डबा मात्र तिच्याकडूनच करून घ्या, दोघांचा.